क्लाउड कम्प्युटिंगचे पहिले प्रशिक्षण : कोणासाठी, किती खर्चाचे आणि शिकायचे कसे?

आपल्यापैकी अनेक घरांत आज कोणी ना कोणी आयटीत काम करते. कोणी डेस्कटॉप सपोर्टला आहे, कोणी बँकेचे नेटवर्क सांभाळतो, कोणी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, तर कोणी आखातात एखाद्या कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये आहे. या सगळ्यांना गेल्या काही वर्षांत ऑफिसमध्ये एक वाक्य वारंवार ऐकू येते : "आपण क्लाउडवर जातोय." त्यापाठोपाठ मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. तीन महिन्यांत क्लाउड इंजिनिअर व्हा, नोकरीची शंभर टक्के हमी, फी हप्त्याने भरा! मग घरात चर्चा होते की पैसे भरायचे का? कधी कधी त्यासाठी दागिना मोडायचीही तयारी असते.

आम्ही शाळेत शिकवतो. जुने विद्यार्थी आणि त्यांचे आई-वडील हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात, म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : क्लाउडचे पहिले प्रशिक्षण जवळपास फुकट मिळते आणि नोकरी सांभाळून सहा आठवड्यांत पूर्ण होते. पण त्याच्या सर्टिफिकेटने एकट्याने नोकरी मिळत नाही. हातात आधीपासून जे काम आहे त्याला हे ज्ञान जोडले, तरच त्याची खरी किंमत येते. त्यामुळे या पायरीवर पैसा कमी आणि वेळ जास्त खर्च करावा.

क्लाउड म्हणजे नेमके काय?

पूर्वी कंपनीला सॉफ्टवेअर चालवायचे तर स्वतःचे सर्व्हर विकत घ्यावे लागत. त्यासाठी एसीची खोली, यूपीएस, जनरेटर, पहारेकरी आणि देखभालीला माणसे लागत. सर्व्हरची ऑर्डर दिल्यापासून तो चालू होईपर्यंत आठवडे जात. क्लाउडमध्ये हीच यंत्रणा दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असते आणि आपण ती इंटरनेटवरून भाड्याने वापरतो. मीटर पडतो तेवढे पैसे द्यायचे, काम संपले की बंद करायचे. घरोघरी जनरेटर न ठेवता आपण वीज कंपनीचे कनेक्शन घेतो, तसाच हा मामला आहे.

ही कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्येच म्हटले होते की, संगणकाची ताकद एक दिवस टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा म्हणून मिळू शकेल. ती बाजारात यायला मात्र पुढची ४५ वर्षे गेली. अमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही साठवणुकीची सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी-टू ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा आणली. गूगलने २००८ मध्ये ॲप इंजिन आणले. मायक्रोसॉफ्टची अझूर सेवा २०१० मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या प्रसिद्ध केली. जवळपास प्रत्येक प्रशिक्षणाचा पहिला धडा तिच्यावरच असतो. तिच्यात क्लाउडची पाच लक्षणे सांगितली आहेत :

१. हवे तेव्हा, कोणाला फोन न करता, स्वतःच सेवा सुरू करता येणे.
२. लॅपटॉप, मोबाइल अशा कोणत्याही साधनावरून नेटवर्कने वापरता येणे.
३. एकच यंत्रणा अनेक ग्राहकांत वाटून वापरली जाणे.
४. गरजेप्रमाणे क्षमता झटपट वाढवता आणि कमी करता येणे.
५. वापर मोजला जाणे आणि त्याप्रमाणे बिल होणे.

यातले चौथे लक्षण दहावीच्या निकालाच्या दिवशी चांगले समजते. वर्षभर शांत असलेल्या संकेतस्थळावर त्या दुपारी लाखो मुले एकाच वेळी तुटून पडतात. त्या एका दिवसासाठी वर्षभर मोठे सर्व्हर विकत घेऊन ठेवणे परवडत नाही. क्लाउडमध्ये तेवढ्या वेळेपुरते सर्व्हर वाढवता येतात. १० जुलै २०१९ रोजी भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी लोक पाहत होते. ती सारी यंत्रणा भाड्याच्या क्लाउडवर चालली होती. आपल्या मालकीचे तेवढे सर्व्हर एका सामन्यासाठी कोण विकत घेईल?

सेवांचे तीन प्रकार : दावतीच्या उदाहरणाने

आयएएएस, पीएएएस आणि एसएएएस ही तीन नावे प्रत्येक परीक्षेत येतात आणि नवख्याला गोंधळात टाकतात. आम्ही ती वलीम्याच्या दावतीवरून समजावतो.

पहिल्या प्रकारात तुम्ही डेकोरेटरकडून देग, भट्टी आणि ताटे भाड्याने आणता. सामान आणणे, बिर्याणी शिजवणे, वाढणे सगळे घरचे लोक करतात. हा आयएएएस, म्हणजे पायाभूत यंत्रणा भाड्याने घेणे. सर्व्हर अमेझॉनचा, पण त्यावर लिनक्स किंवा विंडोज अद्ययावत ठेवणे, सॉफ्टवेअर टाकणे हे तुमचे काम. ईसी-टू आणि अझूर व्हर्च्युअल मशीन ही याची उदाहरणे.

दुसऱ्या प्रकारात भटारी येतो. देग, भट्टी, लाकूड आणि हाताखालची माणसे त्याची. गोश्त, तांदूळ आणि मसाला कसा हवा ते तुमचे. हा पीएएएस. तुम्ही फक्त आपला प्रोग्राम आणि डेटा द्यायचा, खालची यंत्रणा कंपनी चालवते. गूगल ॲप इंजिन, अझूर ॲप सर्व्हिस ही याची उदाहरणे.

तिसऱ्या प्रकारात हॉल आणि जेवण दोन्हींचे कंत्राट एकालाच दिलेले असते. पाहुणे येतात, जेवतात, जातात. हा एसएएएस, म्हणजे तयार सॉफ्टवेअर. जीमेल आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ हे आपण रोज वापरतोच.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिन्ही प्रकारांत कोणाला बोलवायचे आणि कोणाला आत सोडायचे हे यजमानच ठरवतो. क्लाउडमध्येही कोणता प्रकार घेतला तरी आपला डेटा कोण पाहू शकेल हे ठरवण्याची जबाबदारी ग्राहकाचीच राहते.

प्राथमिक प्रशिक्षणात काय शिकवतात?

कोर्स कोणत्याही कंपनीचा असो, विषय साधारण सारखेच असतात.

रीजन आणि झोन : डेटा सेंटर ज्या भागात असतात त्याला रीजन म्हणतात. एका रीजनमध्ये एकमेकांपासून वेगळे ठेवलेले, स्वतंत्र विजेचे गट असतात, त्यांना अव्हेलेबिलिटी झोन म्हणतात. अमेझॉनचे मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झाले, हैदराबादचे २०२२ मध्ये. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे सुरुवात केली. गूगलचे मुंबई रीजन २०१७ चे आणि दिल्लीचे २०२१ चे. आखातात असलेल्यांसाठी सांगायचे तर अमेझॉनची रीजन बहरीनमध्ये २०१९ पासून आणि अमिरातीत २०२२ पासून आहेत. रीजन कुठले निवडायचे हा कायद्याचाही प्रश्न असतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आदेश काढला की, पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवला पाहिजे. बँक किंवा पेमेंट कंपनीत काम करणाऱ्याला हे ठाऊक हवे.

कम्प्यूट : भाड्याचे सर्व्हर, कंटेनर आणि सर्व्हरलेस सेवा. अमेझॉनच्या लॅम्बडामध्ये सर्व्हर आपल्याला दिसतही नाही. प्रोग्राम चालला तेवढ्याच वेळेचे पैसे पडतात.

स्टोरेज : फाइली, फोटो आणि बॅकअप ठेवण्याची जागा. रोज लागणारा डेटा महाग जागेत आणि क्वचित लागणारा स्वस्त जागेत ठेवायचा असतो. घरात रोजची भांडी ओट्याजवळ आणि दावतीची माळ्यावर ठेवतो, तसेच हे.

नेटवर्क : क्लाउडमधले आपले खासगी नेटवर्क, सबनेट आणि फायरवॉलचे नियम. अमेझॉनमध्ये त्याला व्हीपीसी आणि अझूरमध्ये व्हीनेट म्हणतात.

डेटाबेस : बॅकअप आणि पॅच कंपनी सांभाळते असे तयार डेटाबेस.

ओळख आणि परवानगी : कोणाला काय करता येईल हे ठरवणारी यंत्रणा. अमेझॉनमध्ये तिला आयएएम म्हणतात, मायक्रोसॉफ्टमध्ये एन्ट्रा आयडी. हा धडा रुक्ष वाटतो म्हणून अनेक जण उडवून पुढे जातात. आमच्या मते हाच सर्वांत मोलाचा धडा आहे.

उपलब्धतेचा हिशोब : सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील असे लिहिलेले असते तेव्हा वर्षातून सुमारे पावणेनऊ तास ती बंद राहू शकते. ९९.९९ टक्के म्हटले तर सुमारे ५२ मिनिटे. दशांश चिन्हानंतरचा एक ९ किती फरक पाडतो ते पाहा. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेझॉनच्या अमेरिकेतील एका रीजनमध्ये एस-थ्री सेवा काही तास कोलमडली. दुरुस्तीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमध्ये चूक झाली आणि ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद पडले. ज्या कंपन्यांचे सगळे त्या एकाच रीजनमध्ये होते, त्या अडकल्या. आपल्या कामाचा बॅकअप दुसऱ्या जागी का ठेवावा, हे त्या दिवसाने शिकवले.

सुरक्षेची वाटणी

क्लाउड कंपन्या एक तत्त्व पुन्हा पुन्हा सांगतात : सुरक्षेची जबाबदारी दोघांत वाटलेली आहे. इमारत, वीज, यंत्रे आणि त्यांची आतली रचना कंपनीने सांभाळायची. त्यावर आपण काय ठेवतो, कोणाला चावी देतो, दार उघडे टाकतो की बंद करतो, हे आपण पाहायचे.

२०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेच्या सुमारे १० कोटी अमेरिकी ग्राहकांची आणि अर्जदारांची माहिती चोरीला गेली. डेटा अमेझॉनच्या क्लाउडवर होता, पण फट होती बँकेनेच चुकीच्या पद्धतीने लावलेल्या फायरवॉलमध्ये. त्या फटीतून मिळालेल्या परवानग्याही गरजेपेक्षा मोठ्या होत्या. म्हणून पहिल्या प्रशिक्षणात एक नियम पक्का करून घ्यावा : ज्याला जेवढे काम, तेवढीच परवानगी.

शिकताना स्वतःच्या खात्यावरही हा नियम लागू आहे. खाते उघडल्याबरोबर मुख्य खात्याला दोन टप्प्यांचे लॉगिन लावा. रोजच्या सरावासाठी कमी अधिकारांचा वेगळा युजर बनवा. ॲक्सेस की नावाची गुप्त किल्ली कधीही गिटहबसारख्या सार्वजनिक जागी टाकू नका. अशा किल्ल्या शोधत फिरणारे प्रोग्राम काही मिनिटांत ती उचलतात आणि तुमच्या नावावर मोठमोठे सर्व्हर सुरू करतात. आणि ऑफिसच्या ग्राहकांचा डेटा सरावासाठी स्वतःच्या खात्यात मुळीच आणू नका. ती दुसऱ्याची अमानत आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही ती जबाबदारी ठरवली आहे.

बिल : इथे सावध राहा

सरावासाठी तिन्ही कंपन्या नवीन ग्राहकाला सवलत देतात. अमेझॉनने जुलै २०२५ पासून पद्धत बदलली. नवीन खात्याला १०० डॉलरचे क्रेडिट मिळते आणि ठरावीक कामे करून आणखी १०० डॉलरपर्यंत मिळवता येते. मोफत योजना सहा महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत चालते. अझूर ३० दिवसांसाठी २०० डॉलर आणि गूगल ९० दिवसांसाठी ३०० डॉलर देते. खाते उघडताना ओळख पटवण्यासाठी कार्ड मागतात. कॉलेजात शिकणाऱ्यांना अझूरची विद्यार्थी योजना १०० डॉलरचे क्रेडिट कार्डाशिवाय देते.

सवलत संपल्यावर पैसे देण्याच्या योजनेत गेलात की मीटर खरा होतो. समजा एक मध्यम सर्व्हर ताशी १० रुपयांचा आहे आणि तुम्ही तो बंद करायला विसरलात. दिवसाचे २४० रुपये, महिन्याचे ७,२०० रुपये. सर्व्हर थांबवला तरी त्याला जोडलेली डिस्क पैसे खात राहते. फेब्रुवारी २०२४ पासून अमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर आकारते. रक्कम किरकोळ वाटते, पण महिन्याला एका पत्त्याचे ३.६० डॉलर होतात.

म्हणून पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावा. पण हा अलर्ट नेहमीच्या रचनेत फक्त ईमेल पाठवतो, सेवा बंद करत नाही, हेही समजून घ्या. रोज अभ्यास संपला की सुरू केलेली प्रत्येक गोष्ट हटवा आणि बिलिंगचे पान उघडून पाहा. ही शिस्त नोकरीतही कामाला येते. क्लाउडचे बिल कमी कसे करावे हे आज कंपन्यांमध्ये स्वतंत्र काम झाले आहे. वाणिज्य शाखेतून आयटीत आलेल्यांना या वाटेने जाता येते.

पहिली सर्टिफिकेट कोणती?

अमेझॉन : सर्टिफाइड क्लाउड प्रॅक्टिशनर. सप्टेंबर २०२३ पासून हिची सीएलएफ-सी०२ ही आवृत्ती सुरू झाली. ९० मिनिटांत ६५ प्रश्न, त्यातले ५० मोजले जातात आणि १५ चाचणीपुरते असतात. १,००० पैकी ७०० गुण लागतात. फी १०० डॉलर आणि वर कर. तंत्र आणि सेवा यांना ३४ टक्के, सुरक्षेला ३० टक्के, मूलभूत कल्पनांना २४ टक्के आणि बिलिंगला १२ टक्के वजन आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. नापास झाल्यास १४ दिवसांनी पुन्हा फी भरून बसता येते. सर्टिफिकेट तीन वर्षे चालते आणि पास झाल्यावर पुढच्या परीक्षेला निम्म्या फीची सवलत मिळते.

मायक्रोसॉफ्ट : अझूर फंडामेंटल्स, परीक्षा एझेड-९००. येथेही १,००० पैकी ७०० गुण हवेत. फी देशानुसार ठरते. हे सर्टिफिकेट मुदतीने संपत नाही.

गूगल : क्लाउड डिजिटल लीडर. ९० मिनिटे, ५० ते ६० प्रश्न, ९९ डॉलर फी आणि कर, मुदत तीन वर्षे. यात तांत्रिक तपशील कमी आणि व्यवसायाचा विचार जास्त असतो.

कोणते निवडावे? तुमच्या ऑफिसात जे वापरतात ते. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि विंडोज सर्व्हरवर काम असेल तर अझूर सोपे जाते. काहीच ठरलेले नसेल तर अमेझॉनपासून सुरुवात करता येईल. तिन्हींच्या मागे धावू नये. एकाची कल्पना पक्की झाली की दुसऱ्यात फक्त नावे बदलतात.

परीक्षेआधीच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट नावाची. परीक्षेला नोंदवलेले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळावे लागते. आपल्या घरांत हा प्रश्न नेहमीचा आहे. शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद पूर्ण, आधारवर मोहम्मदचे संक्षिप्त रूप, पॅनवर वडिलांचे नाव मध्ये आणि पासपोर्टवर आडनावच नाही, असे चित्र आम्ही दर वर्षी पाहतो. मुलींच्या बाबतीत निकाहनंतर नाव बदलले की आणखी गुंता होतो. म्हणून परीक्षेचे खाते उघडतानाच ओळखपत्र समोर ठेवून एकेक अक्षर जुळवून टाइप करा. कोणते ओळखपत्र चालते हे बुकिंग करताना वाचून घ्या. आयत्या वेळी प्रवेश नाकारला गेला तर फी बुडते.

दुसरी गोष्ट जागेची. परीक्षा घरूनही देता येते, पण कॅमेऱ्यासमोर एकट्यानेच बसावे लागते. खोलीत कोणी आले, शेजारून बोलण्याचा आवाज आला तर परीक्षा थांबू शकते. दोन खोल्यांच्या, माणसांनी भरलेल्या घरात हे जमवणे कठीण. तिथे परीक्षा केंद्र बरे.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्यांना प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते, पण लांबलचक इंग्रजी वाक्य उलगडायला वेळ जातो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना अमेझॉन इंग्रजी परीक्षेत ३० मिनिटे जास्त देते. ही सवलत बुकिंगच्या आधी खात्यातून मागावी लागते, नंतर मिळत नाही. पुष्कळांना ती माहीतच नसते. याशिवाय एक वही करा. डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा, उजव्या बाजूला मराठीत किंवा उर्दूत स्वतःच्या शब्दांत अर्थ. दुसऱ्याची तयार वही घेऊ नका. अर्थ स्वतः लिहिताना जो विचार होतो, तोच अभ्यास.

फुकट कुठे शिकता येईल?

अमेझॉनच्या स्किल बिल्डर या संकेतस्थळावर क्लाउड प्रॅक्टिशनर इसेन्शियल्स हा कोर्स मोफत आहे. मायक्रोसॉफ्ट लर्नवर एझेड-९०० ची संपूर्ण सामग्री आणि सराव चाचणी मोफत आहे. पाया अधिक खोल हवा असेल तर एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचे प्राध्यापक सौम्यकांती घोष यांचा क्लाउड कम्प्युटिंगचा कोर्स आहे. त्याची व्याख्याने मोफत पाहता येतात. फक्त परीक्षा द्यायची असेल तरच फी लागते.

नोकरी सांभाळून रोज एक तास काढला तर असे वेळापत्रक जमते :

पहिला आठवडा : व्याख्या, पाच लक्षणे, तीन प्रकार, रीजन आणि झोन. खाते उघडून दोन टप्प्यांचे लॉगिन आणि बजेट अलर्ट लावणे.
दुसरा आठवडा : एक लिनक्स सर्व्हर सुरू करणे, त्यावर साधे वेब पान दाखवणे आणि हटवणे. हे तीनदा, न पाहता जमेपर्यंत.
तिसरा आठवडा : स्टोरेज. फाइल ठेवणे, खासगी आणि सार्वजनिक यातला फरक पाहणे, जुनी आवृत्ती परत आणणे.
चौथा आठवडा : नेटवर्क आणि परवानग्या. फक्त वाचू शकणारा, बदल न करू शकणारा युजर बनवणे.
पाचवा आठवडा : डेटाबेस, देखरेख, किमतीचा कॅल्क्युलेटर. एका छोट्या दुकानाच्या संकेतस्थळाचा महिन्याचा खर्च कागदावर मांडणे.
सहावा आठवडा : सराव चाचण्या. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे कारण वहीत लिहिणे.

इंटरनेटवर खऱ्या परीक्षेतले प्रश्न म्हणून विकले जाणारे संच घेऊ नका. ते वापरणे परीक्षेच्या कराराचा भंग आहे, त्यासाठी सर्टिफिकेट रद्द होऊ शकते. आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पाठांतर उघडे पडते.

क्लासला पैसे भरण्याआधी

सगळे क्लास वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. काहींना समोर शिक्षक असल्याशिवाय अभ्यास होत नाही आणि चांगला शिक्षक तुमचा वेळ वाचवतो. मात्र फी भरण्याआधी हे प्रश्न जरूर विचारा :

१. शिकवणाऱ्याने स्वतः कंपनीत क्लाउडवर काम केले आहे का? किती वर्षे?
२. प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती तास सराव करेल? की फक्त पडद्यावर पाहायचे?
३. परीक्षेची फी यात धरली आहे की वेगळी?
४. नोकरीची हमी म्हणजे काय? मुलाखतीची सोय की नेमणूक? हे लेखी देणार का?
५. मध्येच सोडले तर पैसे परत मिळतील का? हप्ते म्हणजे क्लासचे हप्ते की एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज?

पाचवा प्रश्न फार महत्त्वाचा. काही ठिकाणी "हप्ता" म्हणून ज्यावर सही घेतात ते प्रत्यक्षात व्याजाचे कर्ज असते, आणि क्लास बंद पडला तरी कर्ज तुमच्या नावावर राहते. कागद घरी आणा, जाणत्या माणसाला दाखवा, मगच सही करा.

तुमच्या कामाला हे कसे जोडाल?

डेस्कटॉप सपोर्टवाल्याला युजर खाती, पासवर्ड आणि परवानग्या यांची सवय असते. त्याने एन्ट्रा आयडी आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ चे प्रशासन धरावे. नेटवर्कवाल्याला आयपी, सबनेट आणि फायरवॉल आधीच येतात, त्यामुळे क्लाउडचे नेटवर्क तो इतरांपेक्षा लवकर पकडतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याने बॅकअप, पॅच आणि स्थलांतर यांवर भर द्यावा, कारण जुने सर्व्हर क्लाउडवर हलवताना जुने सर्व्हर ओळखणारा माणूसच लागतो. टेस्टरने चाचणीपुरते वातावरण उभे करून मोडायला शिकावे. डेव्हलपरने सर्व्हरलेस आणि कंटेनरकडे जावे.

पहिल्या सर्टिफिकेटनंतरची पायरी म्हणजे अमेझॉनचे सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट, मायक्रोसॉफ्टची एझेड-१०४ किंवा गूगलचे असोसिएट क्लाउड इंजिनिअर. पण त्याआधी लिनक्सच्या कमांड, नेटवर्किंगचा पाया आणि थोडे पायथन यायला हवे. हा पाया नसताना पुढची परीक्षा दिली तर सर्टिफिकेट येते, हुनर येत नाही. मुलाखतीला जाताना आपण स्वतः उभे केलेले एक छोटे काम बरोबर न्या : रचनेचे चित्र, महिन्याचा खर्च आणि अडचण आली तेव्हा काय केले याची नोंद. दोन पानांचा हा कागद तुमच्याविषयी पुष्कळ बोलतो.

चाळिशीला टेकलेल्या, पंधरा वर्षे सर्व्हर रूममध्ये काढलेल्या माणसाला भीती वाटते की आता नवीन मुले पुढे जातील. आमचे त्याला एवढेच सांगणे आहे की, डिस्क भरल्यावर काय होते, बॅकअप ऐनवेळी का उघडत नाही, रात्री दोन वाजता कोणाला उठवायचे, हे सगळे त्याला ठाऊक आहे. क्लाउडने हे प्रश्न संपवलेले नाहीत, फक्त त्यांची जागा बदलली आहे. त्याला नवे शब्द आणि नव्या खिडक्या शिकायच्या आहेत, आणि त्या सहा आठवड्यांत शिकता येतात.

घरच्यांसाठीही एक विनंती. मुलगा, मुलगी, सून किंवा जावई असा अभ्यास करत असेल तर रोज तासभर टीव्हीचा आवाज कमी ठेवा, एक टेबल मोकळे करून द्या आणि त्या वेळेत बाजारात पाठवू नका. सून शिकत असेल तर त्या तासाचे घरकाम इतरांनी वाटून घ्या. दागिना मोडण्याची गरज या पायरीवर नाही. या एका तासाची मात्र नक्की आहे.